जयवंतराव यांणी थ्रॉटल बॉडी निर्मळ केली त्याची हकीकत

श्री. वसई प्रांतीचे समस्त मोटारवाले, पायी चालणारे आणि टँकरच्या पाण्यावर निर्वाह करणारे थोर-लहान यांचे सेवेसी लेखकाचा दंडवत. विशेष. या प्रांती किल्ल्याची मोहीम पेशजी जाहली, ती लिहिणारे पुष्कळ. परंतु शके १९२६, तारणनाम संवत्सरी, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी, मंदवासरी, मुक्काम गोखिवरे येथे जी मोहीम जाहली ती लिहावयास कोणी पुढे येईना, सबब लेखणी आम्ही उचलली. पाहिले ते लिहिले. न पाहिले ते शेजाऱ्यांनी न विचारता सांगितले.

मूळ ऐसे जे, तिसऱ्या मजल्यावर राहणारे, विमा कचेरीतील हेडक्लार्क राजमान्य राजेश्री जयवंतराव यांजकडे चंदेरी रंगाची एक जुनी मोटार होती, आणि त्यांचे घरी पाचूबंदरच्या रोझलीनबाई नऊ वर्षे मासळी घेऊन येत, आणि दिवाळीत एके दुपारी पापलेटाचे कालवण पोटात गेल्यावर जयवंतराव उदार जाहले, आणि मग वचन देते जाहले की, बाईंची कन्या अमिषा हिचे लग्नी नवरी आमचे मोटारीतूनच चर्चला जाईल. ते लग्न या मोहिमेचे दुसरे दिवशी रविवारी होते. आता पाचूबंदरी नवरीची मोटार धावत नाही. पुढे बँड चालतो, भोवती वऱ्हाड नाचते, आणि मोटार दहा पावले चालते आणि थांबते, पुन्हा दहा पावले चालते आणि थांबते. जयवंतरावांची मोटार धावताना वाघ. थांबली की मरे! तिला जिवंत ठेवणे तर एक पाय ब्रेकवर, एक एक्सिलरेटरवर, आणि क्लच दाबावयास तिसरा पाय देवाने कोणासच दिलेला नाही. भर वरातीत ती पाच-पंचवीस वेळा मेली तर नवरीची शोभा आणि जयवंतरावांची इभ्रत एकदमच बुडणार, हे लहान मुलासही कळावे.

नाक्यावरचे मेकॅनिक यांणी नाडी पाहून निदान केले की, इंजिनाचे नाकाशी थ्रॉटल बॉडी म्हणून एक नळकांडे असते, त्यात चकती फिरते, ती उघडली की इंजिन श्वास घेते, आणि तेथेच काजळीने ठाणे दिले आहे, सबब श्वास कोंडतो. इतके सांगून ते मावशीकडे गोव्यास निघून गेले. मग जयवंतरावांनी स्वतःशीच मसलत केली आणि गनिमास घरीच मारावा ऐसे ठरविले. खाशांचे कुटुंब सुमेधाबाई यांचे फर्मान सुटले, "अहो, लग्न उद्या आहे. जे काय उघडायचं ते परवा उघडा!" फर्मान मस्तकी धरिले, मानिले नाही.

मग महिन्याच्या दुसऱ्या शनिवारची सुट्टी साधून सकाळी नऊ वाजता सरंजाम खाली उतरला. पाने, पेचकस, फवाऱ्याचा डबा, दात घासावयाचा जुना ब्रश, फाटक्या बनियनच्या चिंध्या आणि स्क्रू ठेवावयास सुमेधाबाईंचे स्टीलचे ताट. जागा पाहिली ती जिन्याच्या सावलीतली, ऐन पाण्याच्या टाकीचे झाकणावर. सावली गार होती. त्या जागी दर शनिवारी काय उभे राहते, याचा विचार करावयाचा तो केला नाही, आणि आम्हीही वरून पाहत होतो, ते बोललो नाही, ही आमची चूक कबूल आहे.

मग हवेची नळी सोडविली, एक्सिलरेटरची केबल उतरविली, आणि चार बोल्टांपैकी तीन शरण आले, आणि चौथा अर्धा तास झुंजला, आणि त्यास ठोकठोक करून बाहेर काढिताच खालचे कागदी गॅस्केट, जे सांध्यातून हवा निसटू देत नाही ते, टर्रकन फाटले. थ्रॉटल बॉडी मांडीवर घेऊन जयवंतराव पाहतात तो आत काजळी, जशी गावच्या चुलीवरील भांड्याचे बुडास. मग फवारा मारिला आणि ब्रशाने घासले आणि चिंधीने पुसले, आणि पुन्हा मारिला, घासले, पुसले, आणि काळे पाणी ओघळून चकती पितळेगत लखलखू लागली. गनीम नामोहरम! जयवंतरावांनी मान वर केली, आणि ते समयी फाटकातून टँकर आत आला.

टँकरचे सरदार शत्रुघ्न यांणी टाकीचे झाकण पाहिले, झाकणावर उभी मोटार पाहिली, मोटारीचे आतडे जयवंतरावांचे मांडीवर पाहिले, आणि भोंगा वाजविला. "साहेब, गाडी हटवा, नायतर मी निघालो. अजून चार बिल्डिंगा बाकी हाय!" आठवड्याचे पाणी परत जाते म्हणताच चारी मजले बादल्यांसकट खाली उतरले, आणि बारा असामी मोटारीस भिडले आणि जोर करिते जाहले, आणि मोटार तसूभर हालेना. कोणी चाकास दगड आहे म्हणे, कोणी नशिबास. जयवंतराव घामाघूम. मग सुमेधाबाई जिना उतरल्या, दारातून हात आत घातला आणि हँडब्रेक खाली केला. मोटार निघाली ती बारा जणांस घेऊन थेट भिंतीपर्यंत गेली. टाकी भरली. सुमेधाबाईंनी जयवंतरावांकडे जे पाहिले ते कागदावर उतरत नाही.

ऐसे होता रोझलीनबाईंचे यजमान सेबेस्टियन, जे तीस वर्षे पाचूबंदरी स्वतःची बोट चालवितात, ते मोटारीस फिती बांधावयाचे माप घेण्यास आणि उरल्या लग्नपत्रिका वाटण्यास आले. उघडे बॉनेट पाहून त्यांची फीत हातातच राहिली. "कोनी सांगितलं तुला उघडाला? उद्या माझी पोरगी कशात बसल रे?" जयवंतरावांनी फाटके गॅस्केट दाखविले. तसले वसईत मिळेना, आणि दुपार टळलेली, मुंबईची दुकाने शनिवारी लवकर मिटली ती सोमवारखेरीज उघडत नाहीत. खरे सांगतो, त्या क्षणी जयवंतरावांचा चेहरा पाहून आम्हांस वाईट वाटले.

सेबेस्टियन यांणी मग थैलीतून एक लग्नपत्रिका काढिली, जाड, सोनेरी काठाची, कन्येचे नाव त्यावर, आणि ती इंजिनाच्या तोंडावर धरून छोट्या हातोडीने कडेकडेने ठोकू लागले, जैसे बोटीचे गॅस्केट समुद्रात दुकान नसताना कापितात तैसे. टकटक टकटक करिता कागद कडेवर आपसूक तुटला आणि चार भोके आणि मधला गोल नेमका उमटला. त्यास ग्रीस फासून बसविले, बोल्ट आवळले, केबल जोडिली, नळी चढविली.

मग किल्ली फिरविली, आणि मोटारीने ऐसा हंबरडा फोडिला की बादल्या टाकून लोक जिन्यात पळाले! जयवंतराव किल्ली काढावयास धावले. सेबेस्टियन यांणी मनगट धरिले. "हात लावू नको. इतके दिवस कोंडलेली, तिला श्वास घेऊ दे." दहा मिनिटे ती ओरडली, मग कुरकुरली, मग आवाज उतरत उतरत शांत जाहला. ब्रेकवर पाय नाही, एक्सिलरेटरवर पाय नाही, आणि तरी चालू. जयवंतरावांनी सेबेस्टियनना मिठी मारिली आणि त्यांचा पांढरा शर्ट काळा जाहला.

रविवारी सायंकाळी वरात निघाली. पुढे बँड, मागे रोझलीनबाई नाचताहेत, आणि मोटारीत पांढऱ्या झग्यात अमिषा आणि शेजारी कोटातले सेबेस्टियन. मोटार दहा पावले चालली आणि थांबली, ऐसे एकेचाळीस वेळा जाहले, आम्ही मोजिले, आणि ती एकदाही मेली नाही. चर्चचे दारी बँड थांबला. जयवंतरावांनी गिअर काढिला आणि दोन्ही पाय उचलून घेतले. इंजिन मंद चालू. कोणी उतरेना.

"पपा, चला ना. फादर वाट बघतायत," अमिषा म्हणाली.

सेबेस्टियन समोर पाहत होते. लेकीचा हात त्यांचे हातात होता. "थांब गो," म्हणाले. "इंजिन ऐकतोय मी."

जयवंतरावांनी आरशाकडे पाहिले नाही. पेट्रोल जळत होते, मागे गाड्या अडल्या होत्या, पण त्यांणी किल्लीस हात लाविला नाही.

येणेप्रमाणे काजळीचा मोड होऊन फत्ते जाहली. ती मोटार त्या दिवशी आपणहून बंद पडली नाही. सेबेस्टियन यांणी डोळे पुसले, लेकीस हात देऊन उतरविले, मग जयवंतरावांनी स्वहस्ते किल्ली फिरवून ती बंद केली. हे सत्य.