उजवा पाय

उतार जेमतेम चाळीस फुटांचा होता आणि मास्तर सकाळपासून त्यावर चारदा पडले होते. चारही वेळा घात केला तो त्यांच्या उजव्या पायानं.

मास्तरांनी तेवीस वर्षं लोकांना मोटार शिकवली होती. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. समोर सायकल येवो, कुत्रं येवो, की नुसता शिकणाऱ्याचा चेहरा उतरो, मास्तर तो ब्रेक दाणकन दाबत. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी ते खडकाळ उतारावरून मोटारसायकल खाली न्यायला शिकत होते आणि आपलं खातं बदललंय, हे त्या पायाला कुणी कळवलंच नव्हतं. जरा धसका बसला की तो मागच्या ब्रेकवर आदळे, चाक जाम होई आणि मास्तर दगडगोट्यांत.

शिकवणारी त्यांची लेक होती. दहा वर्षांपूर्वी मास्तरांच्या आरडाओरड्याला कंटाळून ती भर चौकात मोटारीतून उतरली होती. "तुम्हीच चालवा!" म्हणून चालत घरी गेली, ती पुन्हा त्यांच्याबरोबर कुठल्याही गाडीत बसली नाही. गेल्या महिन्यात मात्र आपणहून म्हणाली, "पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी आम्ही डोंगरापलीकडे जातोय. हा उतार न पडता उतरलात, तर तुम्हीही चला." तेव्हापासून मास्तरांना नीट झोप नव्हती. डोंगराचं त्यांना काही पडलेलं नव्हतं, लेकीनं बोलावलं होतं.

रविवारच्या आधीचा आज सरावाचा शेवटचा दिवस होता.

"उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी धरायची, पहिला गिअर," ती खालून ओरडली. "ब्रेक नुसता टेकवायचा. दाबायचा नाही!"

"हो, मॅडम," मास्तर म्हणाले. मैदानावर मॅडम म्हणायचं, हा नियम तिचाच.

त्यांच्या पुढे लेकीकडेच शिकणारे एक दातांचे डॉक्टर उतरत होते. मास्तर अर्ध्यावर आले आणि डॉक्टर बरोबर वाटेच्या मधोमध आडवे झाले, गाडीसकट.

"बाजूला व्हा!" मास्तर ओरडले.

"कसा होऊ? पाय अडकलाय!"

मास्तरांचा उजवा पाय ब्रेकवर आदळला. मागचं चाक जाम झालं, गाडीची शेपटी गर्रकन फिरली आणि तोंड आपोआप डावीकडच्या झुडपांकडे वळलं. तेवढ्यात बूट ब्रेकवरून निसटला, चाक मोकळं झालं आणि डॉक्टरांच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून मास्तर सुखरूप खाली पोचले. डोळे त्यांनी नंतर उघडले.

खाली उभ्या असलेल्या बाकीच्या शिकाऊ मंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला. डॉक्टर लंगडत आले. "काय वळवलीत हो! असलं काही मॅडमनी आम्हाला शिकवलंच नाही!"

लेक जवळ आली. हळूच म्हणाली, "मुद्दाम केलंत?"

मास्तरांनी एकदा टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहिलं. हो म्हटलं असतं, तर रविवार खिशात होता.

"नाही गं. घाबरलो. पाय पडला."

"मग ही फेरी धरता येणार नाही."

"माहितीये," म्हणत मास्तर गाडी पुन्हा वर न्यायला लागले.

"थांबा, थांबा!" डॉक्टरांनी सगळ्यांना हाका मारल्या. "मास्तर परत करून दाखवतायत!" भराभर मोबाइल बाहेर निघाले.

वरून उतार आता दुप्पट मोठा दिसत होता. मास्तरांनी गाडी सोडली. पहिला दगड गेला. दुसऱ्यावर पुढचं चाक उडालं, उजवा पाय उचलला गेला. मास्तरांनी दात आवळले. पाय हवेत थरथरला आणि ब्रेकवर अलगद टेकला, नुसता टेकला. गाडी गोगलगायीसारखी सरळ खाली आली आणि थांबली.

कुणीच टाळी वाजवली नाही.

"अरेरे!" डॉक्टरांनी मोबाइल खाली केला. "या वेळी काही जमलं नाही."

"होतं असं कधी कधी," दुसऱ्यानं समजूत घातली.

लेकीनं स्वतःच घातलेला नियम मोडला. "बाबा," ती म्हणाली, "रविवारी सहाला निघायचं. माझ्या मागोमाग यायचं."

मास्तरांचे डोळे भरून आले. ते पाहून डॉक्टर हळहळले. त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "एवढं मनाला लावून घेऊ नका हो. जमेल हळूहळू."