बॅटरीचे विमान आणि आक्कांची काठी

मिस्त्रींच्या मधल्या मुलीला जुळे झाले, त्याच वर्षी खाडीवर बॅटरीचे विमान सुरू झाले. जुळी आळीपाळीने रडत, त्यामुळे घरात कोणाचीच झोप होत नव्हती. पण मिस्त्रींची झोप उडवली ती विमानाने. नऊ माणसे बसतील एवढेसे ते विमान धक्क्याजवळच्या माळावरून उठायचे आणि बारा मिनिटांत पलीकडच्या बेटावर उतरायचे. तेवढ्याच वाटेला मिस्त्रींच्या लाँचला साडेतीन तास लागत. मिस्त्रींचा राग वेळेवर नव्हता. राग होता तो आवाज नसण्यावर. विमान डोक्यावरून जाई आणि खाली काही म्हणजे काही ऐकू येत नसे.

मिस्त्रींनी जन्मभर लाँचांची डिझेल इंजिने दुरुस्त केली होती. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. कुठला व्हॉल्व्ह रुसलाय, कुठले बेअरिंग कुरकुरतेय, ते मिस्त्रींना इंजिन न खोलता कळायचे. अशा माणसासमोर कोणी न बोलणारे यंत्र आणून ठेवले, तर त्याने करायचे काय?

"डिझेल संपत आलं की आधी सांगतं," ते धक्क्यावर भेटेल त्याला ऐकवत. "खोकतं, धूर काढतं, माणसाला काठ गाठायला वेळ देतं. वीज कधी सांगून जाते का? आत्ता आहे, आत्ता नाही. घरातली गेली तर मेणबत्ती लावू. वर आभाळात काय लावायचं?"

हे सगळे खरे तर एकाच माणसाला ऐकवायचे असे. तो माणूस म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, दादा. दादा बेटावर राहत. तिथे त्यांचे जळालेल्या मोटरींना नवी तार भरून देण्याचे दुकान होते. दोघे भाऊ एकाच बापाच्या हाताखाली शिकले आणि एक विजेकडे गेला, एक डिझेलकडे. तेव्हापासून भेटले की भांडण ठरलेले.

"तुझं यंत्र जन्मभर खोकतंय रे धाकट्या," दादा म्हणत. "माझं बघ कसं गुणगुणतं."

"गुणगुणता गुणगुणता जळतं, म्हणून तर तुझं दुकान चालतं," मिस्त्री म्हणत.

त्या वर्षी मात्र दादांनी अंथरूण धरले. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितले, आणि घरी न्या म्हणजे काय ते सगळ्यांना समजले. एका सकाळी वहिनींचा फोन आला. दोन वाक्ये बोलून त्यांनी तो दादांच्या हातात दिला.

"धाकट्या, येऊन जा," दादा म्हणाले. आवाज बसला होता. "पण लाँच घेऊन येऊ नकोस. त्या विमानातून ये. मला काही आता त्यात बसायला जमायचं नाही. तू बस, मोटर कशी चालते ते ऐक, आणि मला येऊन सांग. तुझ्यासारखा कान दुसऱ्या कोणाला नाही."

अख्ख्या जन्मात दादांनी मिस्त्रींची स्तुती केली ती एवढीच. मिस्त्रींनी फोन खाली ठेवला. मग त्यांनी दोन तिकिटे काढायला सांगितली. एक स्वतःचे आणि एक आक्कांचे. आक्का म्हणजे दोघा भावांच्या मधली बहीण. गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

दुसऱ्या दिवशी माळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्या उतारूंना सामानासकट वजनकाट्यावर उभे केले. लहान विमान, वजन बघूनच माणसे बसवायची.

"ह्याच्या शंका वेगळ्या मोजा बरं का," आक्का काट्यावरच्या पोराला म्हणाल्या. "त्या जड आहेत."

पुढच्या टेबलावर मिस्त्रींच्या पिशवीतून हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर निघाला. तो शेडमध्येच ठेवून घेतला.

"अहो, मी काय त्यानं कोणाला भोसकणार आहे का? ऐकायला आणलाय तो!"

"ऐकायला?" तपासणाऱ्या बाईंनी विचारले.

"जाऊ द्या बाई," आक्का म्हणाल्या. "समजून घेत बसलात तर विमान चुकेल."

विमानात मिस्त्री खिडकीशी बसले, शेजारी आक्का. पुढे वैमानिक मुलगी. मध्ये दार नाही, भिंत नाही, हात लांब केला तर तिच्या खांद्याला लागेल. पंखे फिरले आणि विमान डुलत डुलत धावपट्टीच्या टोकाला गेले. तिथे थांबले. बेटाकडून दुसरे विमान उतरत होते, ते बाजूला होईपर्यंत वाट बघायची होती. तोवर चार्ज कशाला घालवा, म्हणून मुलीने पंखे बंद केले. रोज करायची तसेच.

मिस्त्रींनी हे पाहिले. जन्मात त्यांनी लाँच सुटायच्या वेळी इंजिन बंद केले नव्हते. त्यांनी आक्कांच्या हातातली काठी ओढून घेतली, टोक विमानाच्या अंगाला टेकवले, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. काही नाही. टोक जरा पुढे सरकवले. तिथेही काही नाही.

"बंद पडलं!" मिस्त्री ओरडले. "बंद पडलंय! उतरा सगळे!"

आवाज असा की इंजिनघरातून वरच्या डेकवर जावा. मागे बसलेल्या लठ्ठ दुकानदाराने मागचापुढचा विचार न करता दाराचा दांडा ओढला. दार उघडले. पुढे लाल दिवा लागला, टूंटूं सुरू झाले, कोणाची तरी पिशवी खाली पडून कांदे धावपट्टीवर घरंगळले.

वैमानिक मुलगी मागे वळली. "काका, बंद पडलं नव्हतं. मी बंद केलं होतं."

"चालू यंत्र कोणी बंद करतं का?"

"तुम्ही सिग्नलला स्कूटर बंद नाही का करत?"

"नाही करत," मिस्त्री म्हणाले. आणि ते खरे होते.

असे मध्येच दार उघडले की विमान परत शेडपाशी न्यायचे, सगळे तपासायचे, मगच पुन्हा निघायचे असा नियम. तपासणी झाली तोवर वारा तिरका झाला होता. वारा पडेपर्यंत उड्डाण नाही. दुपारी पडेल, नाही तर उद्या. उतारू बाकांवर बसून मिस्त्रींकडे बघत होते. दुकानदार तर जास्तच बघत होता, कारण दार त्याने उघडले होते.

तेवढ्यात वहिनींचा फोन. "भावजी, निघालात का? पलंग खिडकीपाशी सरकवून घेतलाय त्यांनी. आभाळाकडे डोळे लावून बसलेत."

"निघालोच," मिस्त्री म्हणाले आणि उठले. "आक्का, चला. लाँच काढतो. साडेतीन तासांत पोचवतो की नाही बघा."

"अरे, दादानं विमानातून ये म्हटलंय."

"दादानं ये म्हटलंय. ते महत्त्वाचं."

हे बोलताना त्यांना वाईट वाटत होते, यात शंका नाही. पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी कुठेतरी थोडे बरेही वाटत होते. आपण म्हणत होतो तसेच झाले, असे. पुढे किती तरी दिवस मिस्त्रींना टोचत राहिले ते हेच.

लाँच ठाकठीक होती. टकटक करत निघाली. धक्का मागे पडला, मिस्त्रींचा चेहरा सैल झाला. आक्का काठीवर हनुवटी टेकून गप्प बसल्या होत्या. त्या गप्प बसल्या की मिस्त्रींना उगीचच खुलासे करावेसे वाटत. निम्मी खाडी त्यांनी डिझेलचे गुण सांगण्यात घालवली. दुपार झाली, वारा पडला.

"ते बघ," आक्का म्हणाल्या.

मागून विमान येत होते. पांढरे, ठेंगणे, कसलीही घाई नसल्यासारखे. बरोबर त्यांच्या डोक्यावरून चालले होते.

"आपल्या जागा रिकाम्याच असतील," आक्का म्हणाल्या.

मिस्त्रींनी मान वर करून कान दिला. स्वतःच्या इंजिनाच्या टकटकीत काही कळेना. दादा विचारणार, आवाज कसा होता, आणि सांगायला आपल्याकडे काही नाही, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी चटकन हात पुढे केला आणि लाँचचे इंजिन बंद केले.

खाडी एकदम शांत झाली. फळीला पाणी चुबूक चुबूक लागत होते. विमान वरून गेले. मिस्त्री तोंड उघडे टाकून ऐकत राहिले. विमान फार उंच होते. ठिपका झाला, दिसेनासा झाला.

"ऐकलंस?"

"नाही," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी स्टार्टर दाबला.

टक्.

पुन्हा दाबला. टक्. तिसऱ्यांदा दाबला, तेव्हा टक्‌सुद्धा नाही.

"काय झालं रे?"

"काही नाही. इंजिन उत्तम आहे. सुरू होत नाही इतकंच."

"सुरू कशानं होतं ते?"

मिस्त्रींनी पाण्याकडे बघितले. "बॅटरीनं."

"कशानं?"

"बॅटरीनं, आक्का! बॅटरीनं! एकदा सुरू झालं की मग काही लागत नाही तिची गरज."

"म्हणजे सुरू व्हायला बॅटरी आणि बढाया मारायला डिझेल," आक्का म्हणाल्या. "हातानं फिरवायचा दांडा असतो ना? बाबा फिरवायचे तो?"

"घरी आहे."

"घरी काय करतोय?"

"पाळण्याच्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटतं. पोरं दचकतात. म्हणून दारात लावून ठेवलाय."

आक्का हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसू लागल्या, आणि पुसता पुसता हसणे कधी थांबले ते कळले नाही. "दादा वाट बघत असेल रे," त्या म्हणाल्या.

बऱ्याच वेळाने मासे धरणारी एक होडी दिसली. मिस्त्रींनी सदरा काढून हलवला. होडीवाला ओळखीचाच निघाला. दोर बांधता बांधता म्हणाला, "काय मिस्त्री, बॅटरी गेली? तुम्हीच ना सांगत होता, बॅटरीवर भरवसा ठेवू नका म्हणून?"

"मग? पटलं की नाही आता?" मिस्त्री म्हणाले. पण त्या म्हणण्यात जोर नव्हता.

बेटाच्या धक्क्याला लागले तेव्हा ऊन उतरले होते. घर धक्क्याच्या वरच्याच अंगाला. चढावर मिस्त्रींनी आक्कांना विनवले, "आक्का, आपण विमानानं आलो. बरं का? त्याच्या मनासारखं झालं असं वाटू दे त्याला." आक्का काठी टेकत पुढे झाल्या.

दादा खिडकीशी पडून होते. अंगावर चादर, चादरीखाली माणूस आहे की नाही असे वाटावे इतके वाळलेले. डोळे मात्र लख्ख.

"आलास. कशानं?"

"विमानानं. बारा मिनिटांत."

"विमान दुपारीच उतरलं. दिसलं मला."

"सामानाला वेळ लागला," मिस्त्री म्हणाले. आक्का खोकल्या. दोघांचे मिळून सामान म्हणजे एक कापडी पिशवी.

दादांनी नाकाने हवा ओढली. "अलीकडे विमानांना डिझेलचा वास येतो का रे?"

मिस्त्रींनी हात सदऱ्याला पुसले. सदऱ्यालाही तोच वास होता. दादा डोळे मिटून म्हणाले, "बरं, ते राहू दे. मोटरचा आवाज कसा होता ते सांग."

निदान ह्याचे तरी मिस्त्रींना खरे उत्तर देता येत होते. काठी लावून ऐकले होते. "दादा, आवाजच नव्हता. अजिबात."

"असं होणार नाही. मोटर आहे म्हणजे गुणगुणणारच. तू नीट ऐकलं नाहीस." दादा थोडा वेळ श्वास घेत राहिले. "वहिनीकडून दुकानाची किल्ली घे. आत चार्जर आहे. लाँचची बॅटरी लावून ठेव, सकाळपर्यंत भरेल."

मिस्त्रींनी आक्कांकडे पाहिले. आक्कांनी मान हलवली, मी नाही सांगितले.

"ह्या खिडकीतून नुसतं आभाळ दिसत नाही, धाकट्या. धक्का पण दिसतो. दोरानं ओढत आणलं तुम्हाला. इंजिन तर तू बिघडू देणार नाहीस. मग राहिलं काय?"

त्यावर सगळ्यांत आधी हसले ते दादाच. मग सगळे हसले, वहिनीसुद्धा. मिस्त्रींनी काठीपासून कांद्यांपर्यंत सगळे सांगितले. दादांना हसून ठसका लागला तेव्हा वहिनींनी सांगणे थांबवले.

सकाळी निघताना मिस्त्री म्हणाले, "पुढच्या खेपेला विमानानंच येतो. नीट ऐकतो आणि सांगतो तुला." ह्या खेपेला लाँच परत न्यायला हवी होती, म्हणून तसे म्हटले. दादांनी हात उचलला, बस्स.

पुढची खेप लांबत गेली. कधी जुळ्यांना ताप, कधी कोणाच्या लाँचचे काम, कधी नुसतेच उद्या बघू. आणि आली तेव्हा वहिनींच्या फोनमागून आली.

त्या दिवशी मिस्त्री पुन्हा विमानात खिडकीशी बसले, शेजारी आक्का. धावपट्टीच्या टोकाला पंखे थांबले, तरी ते हलले नाहीत. विमान उठले, माळ खाली गेला, पाणी आले. मग त्यांनी आक्कांची काठी मागितली. टोक विमानाच्या अंगाला टेकवले, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. पुष्कळ वेळ तसेच बसले.

"काही ऐकू येतंय का?" आक्कांनी विचारले.

मिस्त्रींनी काठीची मूठ त्यांच्या कानाशी धरली. आक्कांनी ऐकले. बारीक, एकसारखी गुणगुण. नवी तार भरून झाल्यावर दादा मोटर टेबलावर ठेवून चालू करत, तेव्हा दुकानात भरून राहायची तशी.

"दुकान," आक्का म्हणाल्या.

मिस्त्रींनी मान हलवली. बारा मिनिटे दोघांनी काठी आळीपाळीने कानाला लावली.

दादा त्याच दिवशी पहाटे गेले होते. न खोकता, न सांगता, झोपेतच. जुळी तेव्हा पाच महिन्यांची होती.