शेकरूमामांचा रुसवा

एका जंगलात, जिथे झाडांपेक्षा पाट्या जास्त झाल्या होत्या, एक हॉटेल होतं. मुलांनो, त्याचा मालक होता लांडगेशेट आणि वाढपी होते बगळे.

बगळ्यांनी दिवसभर उभं राहायचं. जेवायचं, तेही उभ्यानेच. खुर्च्या फक्त पाहुण्यांना. शेवटी बगळ्यांनी बसायला स्टूल आणि जेवायला सुट्टी मागितली.

"बसायला?" लांडगेशेट हसले. "अरे, तुम्ही जन्मापासून एका पायावर उभे. दुसऱ्या पायाला आरामच आहे की!"

दुसऱ्या दिवशी बगळे फाटकाबाहेर. संप!

नेमका त्याच दिवशी तिथे चपळा नावाच्या खारीच्या ताईचा साखरपुडा होता. चपळा कॉलेजात शिकलेली. त्यामुळे घरात तिचं कोणी ऐकत नसे. फाटकाशी तिने सगळ्या घराला अडवलं.

"आत जायचं नाही! शेटनी वाढायला कावळे आणलेत. आपली पंगत पार पडली, की संप मोडला."

"माझा पाठिंबा आहे गं त्यांना," बाबा म्हणाले. "मनातून. आधी जेवून घेऊ."

"साखरपुडा तुझा नाही, चपळे," आत्या म्हणाली. "तुझ्या वेळी काय ते दिवे लाव."

चपळाने हक्कांवर भाषण केलं. आत्याने जांभई दिली.

तेवढ्यात वरपक्ष आला. पुढे नवरदेवाचे शेकरूमामा. रुसण्यात हे मामा साऱ्या जंगलात पहिले. आजवर एकही कार्य त्यांनी न रुसता पार पडू दिलं नव्हतं. आज मात्र बिचाऱ्यांना अजून कारण सापडलं नव्हतं.

चपळाने भाषण तिथेच सोडलं.

"मामा," ती हळूच म्हणाली, "आज पंगतीत कावळे वाढणार आहेत."

"कावळे?" मामांची शेपटी ताठ झाली. "पिंडाला शिवणारे? माझ्या भाच्याच्या साखरपुड्यात?"

मामांनी फाटकातच बैठक मारली. शेजारी मामी बसल्या. मग सगळा वरपक्ष.

"मान काय त्यांनाच आहे?" म्हणत आत्याही बसली. बाबा मनातून बसणार होते. आत्याने त्यांना ओढून खाली बसवलं.

लांडगेशेट शाल-नारळ घेऊन धावत आले. मामांनी तोंड फिरवलं.

"मामासाहेब, काय हवंय ते तरी सांगा!"

ते मामांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी चपळाकडे पाहिलं. चपळाने बगळ्यांकडे.

"प्रत्येकाला स्टूल," म्होरक्या बगळा म्हणाला. "आणि जेवायला सुट्टी."

"एवढंच?" मामा भडकले. "एवढ्याशासाठी मी रुसलो? शेट, पाठ टेकायची खुर्ची द्या प्रत्येकाला! आणि आधी त्यांची पंगत, मग आमची!"

लांडगेशेटनी मुकाट्याने खुर्च्या मांडल्या. बगळे बसून, सावकाश, दोनदा भात घेऊन जेवले. साखरपुडा दुपार टळल्यावर झाला. आत्या भुकेने कासावीस झाली होती, पण भेटेल त्याला सांगत होती, "संप आम्ही जिंकला!"

तात्पर्य: मुलांनो, थोरामोठ्यांना हक्क समजावत बसू नये. त्यांना योग्य फाटकात नेऊन रुसवावं आणि आपण बाजूला व्हावं.