नड़ जी गए!

या वेळी फोन आपणच करायचा, असं नीलकंठरावांनी ठरवलं आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

एरवी फोनाफोनीचं खातं वसुंधरावहिनींकडे. त्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या झाशीकर; मराठी बोलता बोलता हिंदीत कधी शिरतील, पत्ता लागत नाही. नीलकंठराव वाईचे, रेल्वेच्या कचेरीत बदलून आलेले. त्यांची हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी 'है' लावलेली. (ते स्वतः तिला 'कामचलाऊ' म्हणत. तिनं काम चालल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.)

पण दुसऱ्या लाटेच्या त्या मे महिन्यात वहिनी करोनानं मागच्या खोलीत बंद होत्या. ताप एकशे दोन, आवाज पार बसलेला. त्यात नळाला तीन दिवस थेंब नाही. कपाळावर पट्ट्या ठेवायला, भांडी उकळायला, हात धुवायला मिळून एक बादली उरली होती. दारावर आजाराचा कागद चिकटलेला, शेजाऱ्यांकडे मागायचं तरी कसं? नीलकंठराव वरवर बडबड करत, पण आतून हबकले होते. हिला काही झालं तर? असं मनात आलं की ते उगाच उठून बादलीवरचं झाकण नीट करत.

पाणी, सफाई, औषधं, शववाहिनी, सगळ्याला तेव्हा शहरात एकच नंबर झाला होता. पहिल्याच घंटीला एका बाईंनी उचलला.

“हॅलो जी, सिविल लाइंस से बोलता है. हमारे नळ गए है.”

'ळ' हे अक्षर त्या बाईंच्या कानावर जन्मात पडलं नव्हतं.

“नड़ जी? कब गए?”

“तीन दिन हुए.”

“तीन दिन! और आप अब बता रहे हैं? पहले से क्या तकलीफ़ थी?”

“सिर्फ हवा आती थी. खर्र-खर्र आवाज करते थे.”

“उम्र?”

घरमालकांनी नळ कधी बसवला असेल याचा नीलकंठरावांनी अंदाज घेतला. “होगी बीस-बाईस.”

“हे भगवान! अभी कहाँ हैं?”

“कहाँ होंगे? आंगन में. दीवार को चिपक के.”

“घर में और कोई?”

“पत्नी बीमार है. और मोरी में दूसरे थे, वो भी कल टपक गए.”

“दो-दो! बाबूजी, हिम्मत रखिए. किसी चीज़ को हाथ मत लगाइए. गाड़ी निकल चुकी है.”

नीलकंठराव भारावून गेले. नळासाठी हिंमत ठेवा, असं त्यांना आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं.

अर्ध्या तासात गाडी आली. डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये बंद असलेले दोघे उतरले. त्यांनी फाटक फवारलं, पायरी फवारली आणि हात जोडून स्वागताला आलेले नीलकंठरावही फवारले.

“बॉडी किते धरी है, बाबूजी?” एकानं विचारलं, म्हणजे कुठे ठेवलीय.

“बॉडी अच्छी है जी. वॉशर गया होगा.” त्यांनी अंगणातल्या नळाकडे बोट दाखवलं.

दोघे नळाकडे बघत राहिले. मग त्यातल्या एकाचं प्लास्टिक गदगदा हलायला लागलं. नीलकंठरावांना वाटलं माणसाला फिट आली. तो हसत होता.

तो विश्वंभर, मूळचा पंपहाऊसचा फिटर. माणसं कमी पडली म्हणून आता शववाहिनीवरही जात होता. हसू आवरून त्यानं फाटकाजवळचा व्हॉल्व्ह तपासला. “काए बाबूजी, जो कौन ने बंद करो?”

कोण करणार? विषाणू व्हॉल्व्हच्या चाकावरून घरात शिरू नये म्हणून नीलकंठराव ते चाक रोज दोन वेळा साबणानं घासत होते. नेमाने, जोर लावून, एकाच दिशेनं.

विश्वंभरनं चाक उलटं फिरवलं. लोकांना हात धुता यावेत म्हणून हल्ली दुपारीही पाणी सोडत. ते धो धो आलं. नीलकंठरावांनी माफी मागितली, वर पाणी विचारलं.

“इसमें कहाँ से पिएँ?” त्यानं हातमोजा जरा वाकडा केला. आतून घामाची धार लागली. पंचेचाळीस डिग्री ऊन होतं. बावीस दिवस पंपहाऊसचे सहाही जण तिथंच झोपत होते. घरी आजार नेला आणि तिथंच अडकून पडलं तर पंप कोण चालवणार? त्याची बायको रोज रस्त्यापलीकडे उभी राहून मुलगी दाखवून जाई. हे त्यानं असं सांगितलं, जणू कुठल्या गाडीची वेळ सांगतोय.

नळ सोडला की पाणी येतं, एवढंच नीलकंठरावांना आजवर माहीत होतं. त्या पाण्यामागं अशी माणसं उभी असतात! त्यांना एकदम त्या प्लास्टिकच्या पायांना हात लावावासा वाटला. (लावला नाही. हात न लावण्याचा हुकूम होता.)

गाडी गेली. त्यांनी कळशी भरून मागच्या खोलीच्या दाराशी नेली आणि टेकून बसले.

“अहो,” आतून घोगरा आवाज आला, “कसला हो वास? औषधाचा... आणि शी, घामाचा!”

पाच दिवस हिला हिंगाच्या डबीचासुद्धा वास आला नव्हता. नीलकंठरावांचे डोळे भरून आले. “वसू! अगं, वास येतोय तुला? खरंच येतोय?”

“चांगला येतोय. तीन दिवस आंघोळ नाही ना केलीत?”

“तुझ्यासाठी पाणी राखलं गं!”

आत कॉट करकरली.

“कळलं हो ते मला,” वहिनी हळूच म्हणाल्या. “आता आलंय ना पाणी? मग दारापासून उठा बघू आधी. वास येत नव्हता तेच बरं होतं, असं वाटायला लागलंय मला.”