मोटारीची नाडी

आमच्या कोपरीतले अण्णा वैद्य सकाळी आधी मोटारीची नाडी बघत, मग रोग्यांची. हँडल मारून इंजिन सुरू करायचं, बॉनेटवर तीन बोटं टेकवायची, डोळे मिटायचे आणि बराच वेळ मान हलवायची. तोवर रोगी ओट्यावर खोकत बसलेले असत. ज्याला लोखंडातला वात कळतो त्याला आपला खोकला सहज कळेल, असा त्यांचा हिशेब असावा.

अण्णांच्या पाटीवर 'राजवैद्य' असं लिहिलेलं होतं. मी शेजारी आणि त्यातून शाळामास्तर, म्हणून एकदा विचारलं, कुठल्या राजाचे? "प्रजेची तक्रार नाही, तुम्हाला कशाला खुपतंय?" एवढंच उत्तर मिळालं.

मोटार काळी, विलायती. इंग्रज गेले तेव्हा एका साहेबाने निघता निघता ती अण्णांच्या गळ्यात घातली. नेण्याजोगं सगळं साहेब घेऊन गेला होता, त्यावरून मोटारीची योग्यता लक्षात यावी. बाळकुमच्या रोग्याकडे ती घेऊन निघालेले अण्णा टांग्याच्या नंतर पोचत. पण टांग्यातून उतरणारा वैद्य आणि मोटारीतून उतरणारा राजवैद्य यांत फरक पडतोच.

या मोटारीसाठी तेल निवडणं म्हणजे मोठा सोहळा. दुकानात गेले की अण्णा तेलात बोट बुडवत, अंगठ्यावर चोळत, हुंगत, एक थेंब टीपकागदावर सोडून तो कसा पसरतो ते न्याहाळत. एकदा जिभेलाही लावून पाहिलं. दुकानदार म्हणाला, "वैद्यबुवा, हे फोडणीचं नव्हे." त्याने एखादा नवा डबा पुढे केला की अण्णांचा प्रश्न ठरलेला: "वय विचारलंत का?" म्हणजे मोटारीचं. त्यांचा सिद्धांत असा की तरण्या इंजिनाला पातळ तेल सोसतं, म्हाताऱ्याचे सांधे झिजलेले असतात, तिथे जाडच हवं.

या सिद्धांताला विरोधक एकच, त्यांचा मुलगा दिनू. अण्णांची इच्छा होती की त्याने गादी चालवावी. तो इंजिनियर झाला, मोटारींच्या कारखान्यात लागला आणि आई गेल्यावर बायकोला घेऊन डोंबिवलीला राहायला गेला. भांडण झालं नाही. नुसतं बोलणं आटलं. वैद्यकीबद्दल बोलायचं नाही, आईबद्दल बोलवत नाही; उरलं ते तेल. दर रविवारी दिनू येई, दोघे बॉनेट उघडून उभे राहत आणि जेवायची हाक येईपर्यंत तेलावर वाद घालत. हाक मारणारी स्वयंपाकीणबाई होती आणि तिला ती दोन-तीनदा मारावी लागे. मला पंच म्हणून बोलावलेलं असे, पण माझं मत कधी कुणी विचारलं नाही.

दिनूने एक नवं तेल आणलं होतं. ते इंजिनात फिरता फिरता आतली काजळी धुऊन काढतं, असं तो म्हणे.

"म्हणजे रेचक," अण्णा म्हणाले. "म्हाताऱ्याला रेचक देऊ नये. आत साचलेलं असतं ना, त्याच्याच आधाराने कधीकधी तो उभा असतो."

"अण्णा, ती मोटार आहे. मावशी नव्हे."

"तू तिचं वय विचारलंस का?"

असं पावसाळाभर चाललं. डबा ओट्यावरच्या खुंटीखाली तसाच पडून होता. मग एका रविवारी दिनू थकलेला दिसला. कारखान्यातून रात्रपाळी करून आला होता. अण्णांनी सिद्धांत पुन्हा पहिल्यापासून सुरू केला तेव्हा त्याने फडक्याला हात पुसले आणि शांतपणे म्हणाला, "तुमचंच खरं, अण्णा. हवं ते घाला." आणि जेवून निघून गेला.

अण्णांनी तो विजय संध्याकाळपर्यंत आळीभर सांगितला. इंजिनियर शरण आला. मीही अभिनंदन केलं.

पुढच्या रविवारी दिनू आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. येऊन बोलायचं कशावर? अण्णा बॉनेट उघडून ओट्यावर बसत आणि स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत. स्वयंपाकीणबाईची पहिली हाक त्यांना लगेच ऐकू येऊ लागली. एका रोग्याची नाडी त्यांनी इतका वेळ धरून ठेवली की बिचारा घाबरून बरा झालो म्हणाला.

मग एके दिवशी त्यांनी मला हाक मारली. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. इंजिनाचं खालचं पात्र उतरवून, रॉकेलने घासून, चिखलासारखा गाळ त्यांनी स्वतः काढला होता. आधी शोधन, मग औषध, हा त्यांचा नेहमीचा क्रम. खुंटीखालचा डबा रिकामा झालेला दिसला. दिनूचं तेल मोटारीच्या पोटात गेलं होतं.

"मास्तर, तुमची बहीण डोंबिवलीला असते ना? जाल तेव्हा दिनूला सांगा, तुझं तेल घातलं आणि इंजिन ठोके देतंय."

इंजिन समोर सुरूच होतं. मी कान दिला. इतकं निवांत चाललेलं ते मी कधी ऐकलं नव्हतं.

"अण्णा, ही तर मांजरासारखी गुरगुरतेय."

"ते सांगू नका," अण्णा दुसरीकडे बघत म्हणाले.

मी निरोप दिला. शाळेत मुलांना सत्य बोला म्हणून सांगणारा माणूस मी, पण दिला.

रविवारी दिनू आला तो चपला न काढता थेट मोटारीपाशी. अण्णांनी हँडल मारलं. दिनू वाकून ऐकत राहिला. मग त्याने तेल मोजायची पट्टी काढून पाहिली, ती पुसून परत घातली आणि पुन्हा कान लावला.

"कुठे वाजतंय?"

"थांब जरा. गरम झाल्यावर वाजतं."

इंजिन गरम झालं. रेडिएटरच्या तोंडातून वाफ यायला लागली. बाप एका बाजूला, मुलगा दुसऱ्या बाजूला, आणि मधे ते नतद्रष्ट इंजिन काही केल्या वाजेना. अण्णांच्या कपाळावर घाम आला होता. माझ्याकडे बघायचं ते टाळत होते.

दिनूची नजर खुंटीखालच्या रिकाम्या डब्याकडे गेली. तिथून ती अण्णांच्या नखांकडे वळली. नखांत गाळ अजून तसाच होता. मग त्याने पुन्हा मान खाली घालून बॉनेटवर तीन बोटं टेकवली आणि डोळे मिटले.

"हो," तो म्हणाला. "वाजतंय खरं. एका रविवारात होणारं काम नाही हे."

"मी म्हटलंच होतं," अण्णा म्हणाले. "वय झालंय तिचं."

आतून जेवायची हाक आली. दोघांनाही ऐकू गेली नाही.