पाच दिवसांचं दूध

"पाच दिवस. या गाईच्या दुधाचा थेंबसुद्धा कुणाच्या पोटात जाता कामा नये," हातावर साबण चोळत डॉक्टर अनुपमा म्हणाली.

चंद्रभागाकाकी पवळीच्या पाठीवरून हात फिरवत उभी होती. पवळीच्या एका सडाला सूज आली होती, धारेबरोबर गाठी येत होत्या. म्हणून पोलादपूरहून डॉक्टरीणबाई उमरठच्या वरच्या अंगाला, या धुक्यात बुडालेल्या वाडीपर्यंत चिखल तुडवत आली होती. तिने सडात औषध सोडलं, मानेवर इंजेक्शन टोचलं आणि आता हे पाच दिवस सांगत होती.

"दुखणं एकाच सडाला हाय ना, डॉक्टरबाई? मग बाकीच्या तिन्हींचं घालू का डेरीच्या कॅनात?"

"चारही सडांचं बंद. औषध रक्तातून सगळीकडे जातं, काकू. वासरालाही पाजायचं नाही. दुसरी गाय आधी पिळा, पवळीला शेवटी, आणि तिची बादली वेगळी ठेवा."

"मग हे दूध टाकायचं कुठं?"

"खड्डा काढा, ओता आणि माती लोटून द्या."

काकीचा हात आपोआप कानाच्या पाळीकडे गेला. "दूध पुरायचं? शिव शिव!"

"बरं, मग कुठंही ओता. विहिरीत नको, ओढ्यात नको आणि कुणाच्या तोंडात नको. बस."

काकीने मान डोलावली. तिला कारण नव्याने सांगायला नको होतं. महिन्यापूर्वीच वाडीचं सगळं दूध परत आलं होतं. डेरीचा गाडीवाला माणूस कॅनमधल्या दुधात एक पट्टी बुडवून बघतो. दूध चांगलं असलं की जी रेघ उमटायची ती त्या दिवशी उमटलीच नाही. म्हणजे कुणाच्या तरी दुधात गुराचं औषध होतं. कुणाच्या? अकरा घरं, अकरांनी देवाची शपथ घेतली. गाडीवाला म्हणाला, "आणखी एकदा असं झालं ना, तर गाडी वर चढवणार नाय. आणा मग तुमचे तुम्ही खाली उमरठला." त्या निसरड्या पाऊलवाटेने तासभर कॅन उतरवणं काकीच्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं. गाडी बंद म्हणजे पवळी विकायची, एवढा साधा हिशेब होता. आणि पवळी तिच्या हातावर वाढलेली.

मंगळवारी पहाटे काकी उठली ती न बोलता. चातुर्मासात तिचं मौन असे. उठल्यापासून, सूर्य डोंगरावर आल्यावर तुळशीला पाणी घालेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. धुक्याच्या दिवसांत तो सूर्य कधी नऊला दिसे, कधी साडेदहाला. येसाजीला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, चातुर्मास फार सुखाचा जाई.

रात्रीचं आणि सकाळचं दूध एका कळशीत घेऊन ती माळाकडे निघाली. दूध टाकायचंच तर जिथे कुणाचा पाय पडत नाही तिथे टाकावं, असं तिने रात्रीच ठरवलं होतं. माळाच्या कडेला एका जुन्या ऐनाच्या झाडाखाली काळा कातळ होता, वर वाटीएवढा खोलगट. तिथे ती थांबली. भोवती नुसतं पांढरं होतं. दरी नव्हती, वाडी नव्हती, पलीकडचा डोंगर तर कधी नव्हताच असं वाटत होतं. तिने कळशी कलती केली. दूध कातळावरून उतरून धुक्यात गेलं. कुठे दूध संपलं आणि कुठे धुकं लागलं, ते तिला सांगता आलं नसतं. तिने डोळे मिटले, हात जोडले आणि मनातल्या मनात म्हटलं, "धरणीमाय, माफी कर. अन्न टाकते आहे, पण औषधाचं आहे."

डोळे उघडले तर समोर बनुबाई. शेजारची. फुलांची परडी हातात आणि तोंड उघडं.

"काकी, काय गो हे? कुठला देव हा?"

काकीने तिच्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. सूर्याचा पत्ता नव्हता. ती कळशी घेऊन गप्प घरी आली.

दुपारी मात्र ती मुद्दाम बनुबाईच्या अंगणात गेली. "बनु, अगो तो देव नाय. पवळीला इंजेक्शन दिलंय, म्हणून दूध ओतलं."

बनुबाईने इकडेतिकडे बघितलं आणि तिचा हात दाबला. "कळलं मला. नवस बोलून दाखवायचा नसतो."

"नवस नाय गो!"

"नायच हाय. मी कुठं म्हणते हाय म्हणून?" आणि बनुबाईने डोळा मिचकावला.

बुधवारी कातळाला हळद-कुंकू लागलं होतं. खोलग्यात तेरड्याची फुलं होती. काकी दचकली, पण फुलं काढून फेकणं तिच्या हाताला जमेना. तिने ती अलगद बाजूला ठेवली आणि दूध ओतलं. मागे धुक्यात कुणीतरी पुटपुटलं, "बघ, निर्माल्य कसं उतरवते."

त्या रात्री मुंबईहून किशोरचा, तिच्या मुलाचा, फोन आला.

"आई, वाडीच्या ग्रुपवर तुझा फोटो आलाय. धुक्यात एकदम भारी! आपल्या वाडीचं मुंबईचं मंडळ म्हणतंय, पत्र्याची शेड टाकू."

"कसली शेड?"

"देवाला. नाव काय गो त्याचं? पावतीवर लिवायला पायजे."

"देव नाय रे तो, दगड हाय! आणि दूध इंजेक्शनचं हाय!"

"आई, लोड नको घेऊ. कोणाला नाय सांगणार मी," असं म्हणून किशोरने फोन ठेवला. येसाजी खाटेवर पडल्या पडल्या हसत होता.

"हसताय काय? तुम्ही तरी सांगा लोकांना."

"मी सांगितलं की वरच्या घरच्या हैबतीला. तो म्हणला, बायकोचा नवस नवऱ्याला कुठं ठाऊक असतो?"

गुरुवारी खरी पंचाईत झाली. कातळाशी चार बायका उभ्या होत्या, प्रत्येकीच्या हातात वाटी. काकीने दूध ओतायचं आणि त्यांनी खोलग्यातलं तीर्थ घ्यायचं, असं ठरवून आल्या होत्या. बनुबाईने नातवाला कडेवर आणलं होतं. "रातचा खोकतो. दोन थेंब दे," असं ती कातळालाच सांगत होती.

काकीने कळशी पदराखाली घेतली. बोलायचं नव्हतं आणि ओतायचं तर मुळीच नव्हतं. ती तशीच मागे वळली आणि गोठ्यात आली. थोडा विचार केला. मग शेणाचा मोठा गोळा आणि तांब्याभर गोमूत्र त्या दुधात घालून काठीने ढवळलं. आता कोण पितं बघू. माळावर परत जाऊन तिने ते हिरवट पाणी कातळावर ओतलं आणि समाधानाने बायकांकडे पाहिलं.

बायकांनी एकदम हात जोडले.

"पंचगव्य!" बनुबाई म्हणाली. मग बोटांवर मोजलं. "दोन कमी हायेत गो. उद्या दही आणि तूप मी घेऊन येते."

नशीब, त्या दिवशी कुणी प्यायलं नाही. पाच वस्तू पुऱ्या झाल्याशिवाय पिऊ नये, असं हैबतीच्या आईने सांगितलं म्हणून. पण उद्याचा दिवस होता. त्या दुपारी काकी उरलेल्या दहाही घरी फिरली. प्रत्येक दारात उभी राहून म्हणाली, "ते दूध पिऊ नका, औषधाचं हाय." प्रत्येक घरातून तिला चहा मिळाला, आणि एका घरात सुनेने वाकून नमस्कारही केला. एवढी साधी बाई, एवढा मोठा नवस, आणि स्वतःला किती लपवते, असं वाडीचं एकमत झालं.

शुक्रवारी पहाटे धुकं इतकं दाट होतं की काकीला स्वतःचा हात कळशीच्या काठापर्यंतच दिसत होता. या वेळी तिने ऐनाच्या मागे, उतारावर ओतायचं ठरवलं, गुपचूप. ती कळशी कातळाशी टेकवून पदर खोचायला वळली, तेवढ्यात वाटेवर सायकल थांबल्याचा आवाज आला. सदू. वाडीचं दूध गोळा करून गाडीपर्यंत नेणारा. दोन्ही बाजूंना दोन कॅन लटकलेले. त्याने चपला काढल्या, कातळाला हात लावून कपाळाला लावला, आणि हँडलला अडकवलेला तांब्या काढून सरळ काकीच्या कळशीत बुडवला.

"देवा," तो मोठ्याने म्हणाला, "मागच्या टायमाला आमचं दूध फेल झालं. आता तुझा प्रसाद घालतो कॅनात. परत कधी फेल नको होऊ देऊ." आणि डाव्या कॅनचं झाकण त्याने उघडलं.

काकीला वाटलं, आपण झोपेत आहोत. स्वप्नात ओरडावं आणि आवाज फुटू नये, तसं तिचं तोंड उघडलं. मागे बनुबाई दह्या-तुपाची भांडी घेऊन आली होती, हैबती आला होता, अर्धी वाडी पांढऱ्या धुक्यात सावल्यांसारखी उभी होती. सूर्य उगवायचा होता. तुळशीला पाणी घालायचं होतं. चोवीस वर्षांत न मोडलेलं मौन होतं. आणि सदूचा तांब्या कॅनवर कलत होता.

"सद्या! ठेव खाली!"

आवाज असा आला की ऐनावरचे पक्षी उडाले.

"इंजेक्शनचं दूध हाय ते! कॅनात घातलंस तर गाडी बंद! ज्याच्या गुराला टोचलंय त्यानं पाच दिवस एक थेंब घालायचा नाय, प्यायचा नाय, पोराला पाजायचा नाय! समजलं का नाय?"

तांब्या सदूच्या हातातून निसटून गवतात पडला. मग बनुबाई हळूच म्हणाली, "बोलला."

"कोण?" सदूने घाबरत विचारलं.

"देव! काकी कुठं बोलते या टायमाला?"

"अगो, मीच बोलते!" काकी कळवळून म्हणाली.

"होय बाबा, तूच बोलतोस," असं म्हणून बनुबाईने दह्याचं भांडं खाली ठेवलं आणि ओल्या गवतात लोटांगण घातलं. "मला माफी कर. मागल्या महिन्यात म्हशीला टोचलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी दूध घातलं. शपथ पण खोटी घेतली. पदरात घे."

कुणी काही बोलायच्या आत हैबतीने खाकरून घसा साफ केला. वाडीतला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस, पण आत्ता त्याचा आवाज शेळीसारखा झाला होता.

"सदू, माझं दूध कंच्या कॅनात हाय?"

"ह्या डाव्या."

"ओत ते. माझ्या गाईला परवा टोचलंय."

सदूने एकदा हैबतीकडे पाहिलं, एकदा काकीकडे, आणि अख्खा कॅन कातळावर उपडा केला. वीस लिटर दूध ऐनाच्या मुळांवरून सरकत सरकत गवतात जिरून गेलं. धुक्यातून ते जात असताना, वाडीच हळूहळू वितळत आहे असं काकीला वाटलं. उरलेला एक कॅन गाडीपर्यंत गेला. गाडीवाल्याने पट्टी बुडवली. सगळे जण त्या बोटभर कागदाकडे बघत उभे राहिले. रेघ उमटली. ठळक.

त्या दिवशी काकी जेवली नाही. एक तर मौन मोडलं होतं. दुसरं म्हणजे, तिने कधी न मागितलेला मान एका दगडाला मिळाला होता आणि तिचं बोलणं एका देवाच्या नावावर लागलं होतं.

"मी सांगूनच टाकते सगळं," ती येसाजीला म्हणाली.

"काय सांगणार?"

"की दगड हाय, आणि इंजेक्शन हाय."

"चार दिवस तेच तर सांगतेस. आता कुठं लोकांनी ऐकलं," येसाजी म्हणाला आणि कूस बदलून झोपला. काकी उठली आणि पवळीची वेगळी बादली घासायला बसली.

पुढच्या सोमवारी डॉक्टर अनुपमा बनुबाईच्या म्हशीसाठी वाडीवर आली. पवळीची सूज उतरली होती. रविवारपासून तिचं दूध कॅनात जात होतं. माळावरून येताना डॉक्टरला दिसलं ते वेगळंच. ऐनाखाली हैबतीची बायको आणि आणखी एक बाई, हातात बादल्या, गवतात सावकाश दूध ओतत होत्या. डॉक्टर काकीला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, मी या वाडीत तीनदा सभा घेतली. पोस्टर लावलं. माणसं आली दोन, त्यातले एक तुमचे यजमान, तेही झोपलेले. हे कसं काय झालं?"

काकीने खरं ते सगळं सांगितलं. डॉक्टरने ऐकलं, कातळावरचं हळद-कुंकू जवळ जाऊन पाहिलं आणि ती बनुबाईच्या गोठ्याकडे वळली.

म्हशीला इंजेक्शन देऊन झाल्यावर तिने चिठ्ठी लिहायला घेतली. बनुबाईने तिचं मनगट धरलं.

"थांबा. किती दिस ते देवाला विचारून लिवा."

"अहो आजी, ते औषधावर..."

"विचारा."

डॉक्टर अनुपमाने काकीकडे पाहिलं. काकी खाली बघत होती. मग डॉक्टरने बूट काढले, ऐनाखाली जाऊन हात जोडले. उजव्या तळहातात औषधाची बाटली होती, तिच्यावरची बारीक अक्षरं तिने डोळे किलकिले करून वाचली, आणि मग डोळे मिटले. वाचून झाल्यावर डोळे मिटायची गरज नव्हती, असं काकीला वाटलं. आणि मिटल्यावर ते एवढा वेळ मिटलेले ठेवायची तर मुळीच नव्हती.

"तीन दिवस," डॉक्टर परत येऊन म्हणाली.

बनुबाईने बारकाईने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "हे देव म्हणला, का बाटली?"

"दोघांचं एकमत आहे, आजी," डॉक्टर म्हणाली, आणि चिठ्ठीवर तीनचा आकडा लिहून त्याभोवती तिने दोनदा गोल काढला.