सतरा छर्रे

नीट चालणाऱ्या सायकलीला हात लावू नका, असं बाईंनी सात दिवसांत सात वेळा बजावलं होतं. आठव्या दिवशी, म्हणजे सायकल-सहलीच्या शेवटच्या सकाळी, त्या आंघोळीला गेल्या आणि त्यांच्या नवऱ्याने, घड्याळजींनी, त्यांच्या सायकलीचं मागचं चाक खोललं.

बिघाड काहीच नव्हता. पण उतारावर तिथून बारीक कुरकुर येते असं त्यांना वाटत होतं, आणि चाळीस वर्षं लोकांची घड्याळं कानाशी धरून ऐकलेल्या माणसाला एकदा तसं वाटलं की संपलंच. मुक्कामाच्या शेतघराच्या अंगणात त्यांनी रुमाल अंथरला, डोळ्याला भिंग लावलं आणि चाकाच्या दोन्ही बाजूंचे बेअरिंगचे नऊ-नऊ छर्रे पुसून ओळीने मांडले. मग ग्रीसची डबी आणायला ते पिशवीपाशी गेले. परत आले तेव्हा रुमालावर एक तांबडी कोंबडी उभी होती आणि छर्रे सतरा होते.

"गिळला वाटतं," शेतघराची मालकीण कठड्यावरून म्हणाली. "चकाकणारं काही सोडत नाही ती."

"परत कधी मिळेल?"

"अंडं असतं तर वेळ सांगितली असती."

घड्याळजींनी छर्रे पुन्हा मोजले. सतराच. आजचे एकोणीस किलोमीटर म्हणजे बाईंचा जीव की प्राण. चोपन्नाव्या वर्षी, सहा महिन्यांपूर्वी, शाळा सुटल्यावर रिकाम्या मैदानात त्या सायकल शिकल्या होत्या. मुलांना गणित शिकवणाऱ्या बाई गुडघे फोडून घेताना पाहून त्यांचे थोरले भाऊ पोट धरून हसले होते. त्यांचं गाद्यांचं दुकान. "जा तू सहलीला! तुला आणायला व्हॅन पाठवतो, मागे गादीसकट." त्या दिवसापासून बाईंना एकच गोष्ट हवी होती: शेवटच्या दिवशी स्टेशनच्या चौकात, दादाच्या डोळ्यांदेखत, सायकलवरून उतरायचं.

आणि बाईंनी काय सायकल मारली होती! तिसऱ्या दिवशीचा घाट घड्याळजींनी सायकल ढकलत काढला, तर बाई वर पोचून दगडावर बसून संत्रं सोलत होत्या. घड्याळजींचा ऊर भरून आला होता. पण तोंडाने कौतुक करायची त्यांना कधी सवयच नव्हती. ते हाताने करायचे, बहुतेक वेळा पाना घेऊन.

आता मात्र त्यांनी घाबरून मेव्हण्यांना फोन लावला. "दादा, व्हॅन घेऊन या. हिची सायकल कामातून गेली."

"मी म्हटलं नव्हतं?" पलीकडून आनंदाने उत्तर आलं. "निघालोच!"

तेवढ्यात केस पुसत बाई अंगणात आल्या. त्यांनी चाक पाहिलं, नवरा पाहिला, कोंबडी पाहिली.

"खोललंत ना?"

"एक छर्रा कमी आहे गं. आठांवर कसं चालेल?"

"माझ्या दोन दाढा काढल्यात. मी जेवायची थांबलेय का? बसवा ते चाक."

"पण मी दादांना फोन केलाय. व्हॅनचा."

बाईंनी पाना उचलून त्यांच्या हातात ठेवला. घड्याळजींनी उभ्या आयुष्यात कुठलं यंत्र जोडलं नसेल इतक्या वेगाने ते चाक जोडलं.

सायकल लोण्यासारखी चालू लागली. बाई पुढे, घड्याळजी मागे. त्यांचं अर्धं लक्ष बाईंच्या मागच्या चाकाकडे होतं आणि उरलेलं अर्धंही तिकडेच. रस्ता डावीकडे वळला, बाई वळल्या. घड्याळजी कान टवकारून सरळ गेले आणि चरात पडले.

त्यांच्या पुढच्या चाकाचा पार द्रोण झाला होता, गुडघा टम्म फुगला होता. बाईंनी ओढणी फाडून तो करकचून बांधला. एवढ्यात समोरून व्हॅन आली.

"बस गं, लाजू नकोस," भाऊ खिडकीतून म्हणाले. "गादी घातलीय."

"बरं झालं. ह्यांना निजव तिच्यावर," बाई म्हणाल्या आणि सायकलवर बसून चालू पडल्या.

घड्याळजी काही निजले नाहीत. ते लंगडत पुढच्या सीटवर चढले, व्हॅन वळली आणि लवकरच बाईंच्या मागे येऊन पोचली.

"पुढे काढू का?" भावाने विचारलं.

"खबरदार! तिच्यावर धूळ उडेल."

रस्ता अरुंद होता. व्हॅनमागे एक ट्रक अडकला, ट्रकमागे बस, बसमागे आणखी कोण कोण. हॉर्न वाजू लागले. शेवटी ट्रकवाला डोकं बाहेर काढून ओरडला, "ओ, बंद पडली का गाडी?"

घड्याळजींनी खिडकीतून कमरेपर्यंत अंग बाहेर काढलं. "बंद नाही पडली! पुढे माझी बायको आहे! सहा महिन्यांपूर्वी शिकली! घाट सायकलवरून न उतरता चढली! हॉर्न वाजवू नका, ती दचकेल!"

ट्रकवाल्याने मान लांब करून पुढे पाहिलं. मग त्याने हात बाहेर काढून मागच्या बसला थांबायची खूण केली. शेवटचे तीन किलोमीटर कुणी हॉर्न वाजवला नाही. मेव्हणे समोर बहिणीकडे बघत होते. "आम्ही एका घरात वाढलो," ते हळूच म्हणाले, "पण ही अशी आहे हे मला माहीत नव्हतं."

चौकात बाईंनी ब्रेक दाबला, पाय टेकला आणि वळून पाहिलं. घामेजलेल्या चेहऱ्यावरचं हसू एकदम मावळलं.

"अगंबाई, एवढ्या गाड्या? मागे कुठे अपघात झालाय का?"